प्रवाशाची अपेक्षा आणि स्थानिकतेची कसोटी

प्रवासवर्णनाचे परीक्षण करताना लेखकाने काय पाहिले याइतकेच, काय पाहावयाचे ठरवून तो निघाला होता, हेही तपासणे अगत्याचे असते. कॅप्टन जॉन सीली याचा वेरुळविषयक ग्रंथ १८२४ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. पुणे, अहमदनगर व टोका या मार्गाने केलेल्या प्रवासाचा हा वृत्तान्त; परंतु त्याच्या शीर्षकातच ही लेणी ग्रॅनाइटच्या पर्वतात कोरली असल्याचे म्हटले आहे. वस्तुतः तो खडक बेसाल्टचा, म्हणजे दख्खनचा काळा पाषाण होय. त्या काळी अशा संज्ञा शिथिलपणे वापरल्या जात, हे मान्य करूनही, परिचित नाव अपरिचित वस्तूवर आधीच बसले होते, असे म्हणावे लागते.

पुण्याहून वेरुळकडे निघालेला आजचा प्रवासी वाळूजवरून जातो. १९८५ मध्ये येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याभोवती औद्योगिक वसाहत वाढली. कामगारांच्या खानावळीत ज्वारीच्या भाकरीबरोबर परप्रांतीयांना रुचणारे अन्नही शिजते. प्रवाशाला मात्र हे 'अस्सल' वाटत नाही. तो छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, नान-खलिया शोधतो.

येथेच त्याच्या अपेक्षेतील विसंगती उघड होते. नान-खलियाचा संबंध परंपरा १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादेस हलविली त्या स्थलांतराशी जोडते. ती खरी मानल्यास हा पदार्थही परक्यांच्याच चुलीवरचा ठरतो. ज्वारीचे मूळ आफ्रिकेत आहे. ठेच्यातील मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांमार्फत आली. वाळूजच्या खानावळीत आज जे घडत आहे, तेच मराठवाड्याच्या ताटात शतकानुशतके घडत आलेले आहे.

स्वतःच्या नगराचे परिवर्तन ज्यास प्रगती वाटते, तोच प्रवासी विकसनशील देशाने मात्र आपल्यासाठी जसेच्या तसे राहावे, अशी अपेक्षा धरतो. या अपेक्षेत तेथील माणसाचा बदलण्याचा अधिकारच नाकारला जातो. म्हणूनच प्रवासवर्णनाचे मूल्य वर्णनाच्या रंगतीवर ठरत नाही. पूर्वग्रहाशी न जुळणारी वस्तू समोर आली असता लेखकाने दोष वस्तूस दिला की आपल्या अपेक्षेस, हीच त्याची खरी कसोटी होय.