सुरांची बाराखडी

गाणे शिकू लागलेल्या मुलाला पहिल्या एकदोन वर्षांतच एक विलक्षण गोष्ट भेटते, पण ती विलक्षण आहे असे त्याला कुणी सांगत नाही. भूपातला शुद्ध गंधार ‘ग’. भीमपलासातला कोमल गंधारही ‘ग’. आणि दरबारीत कोमलाच्याही खाली उतरून आंदोलने घेणारा गंधार, तोही ‘ग’च. सुरांच्या जागा तीन, अक्षर एक. ही आपल्या सरगमची गरिबी म्हणायची की शहाणपण?

हा प्रश्न आपल्याकडे फारसा कुणी विचारत नाही, कारण आपले काम अडत नाही. ज्यांनी सप्तकाचे बाराऐवजी १९, २२, २४ किंवा ३१ समान भाग केले, त्यांचे मात्र पहिल्याच दिवशी अडते. इतक्या पायऱ्यांना हाक कोणत्या नावाने मारायची? या नावांच्या पद्धती तपासताना त्यात किती नावे आहेत हे मोजले जाते. माझ्या मते मोजायचे ते वेगळेच आहे. नाव त्या सुराचे नाते सांगते की नुसता पत्ता, हे पाहायला हवे.

आधी भागाकार पाहू. सप्तक १२०० सेंटचे मानले तर पियानोची प्रत्येक पायरी १०० सेंटची. तिथला शुद्ध गंधार ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा ५:४ प्रमाणाचा गंधार मात्र ३८६ सेंटवर आहे. चौदा सेंटांची ही खोट ज्यांना सोसली नाही, त्यांपैकी एक इटलीचा निकोला व्हिचेंतिनो. १५५५ मध्ये आपल्या ग्रंथात त्याने सप्तकात ३६ पट्ट्या असलेले वाद्य वर्णिले. पुढे डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने ३१ समान भागांचे गणित मांडले. त्यात दहाव्या पायरीवरचा गंधार ३८७ सेंटचा, म्हणजे खोट एका सेंटहूनही कमी. हायगेन्सच्याच देशात आद्रियान फोकर या पदार्थवैज्ञानिकाने १९५० मध्ये हार्लेम येथे ३१ भागांचा ऑर्गन उभा केला. वाद्य तयार झाले. पण ते गाऊन कसे शिकवायचे?

पाश्चात्त्यांकडे अकराव्या शतकात ग्विदो या मठवासी शिक्षकाने एका स्तोत्राच्या ओळींच्या आद्याक्षरांवरून सुरांची नावे घेतली. त्यांतूनच पुढे डो-रे-मी आले. नंतर त्यांत एक चांगली सोय झाली. डो चढवला की ‘डी’, रे उतरवला की ‘रा’. व्यंजन मूळ सुराचे, काना-वेलांटी बदलाची. पियानोवर डी आणि रा एकाच पट्टीवर येतात, त्यामुळे हा भेद केवळ कागदी वाटतो.

तो कागदी नाही हे ३१ भागांत कळते. तिथे डो ते रे पाच पायऱ्या आहेत. डी दुसऱ्या पायरीवर, रा तिसऱ्या. जुन्या नावांतला सुप्त भेद एकदम कानाला ऐकू येतो. सात मूळ, पाच चढे, पाच उतरे मिळून १७ नावे आधीच हाताशी आहेत, नवी १४च शोधायची. एकोणीस भागांत तर दोनच.

बावीस भागांत मात्र ही सोय उलटते. पंचमांच्या साखळीने मोजले तर डो ते रे चार पायऱ्या भरतात, पण रा पहिल्या पायरीवर येतो आणि डी तिसऱ्या. म्हणजे जो खाली होता तो वर गेला. त्याच साखळीने मी आठव्या पायरीवर, ४३६ सेंटवर पोहोचतो. कानाला गोड लागणारा गंधार मात्र सातव्या पायरीवर, ३८२ सेंटच्या आसपास आहे. मग ‘मी’ कुणाला म्हणायचे, पंचमांच्या नात्याने आलेल्याला की मिळून येणाऱ्याला? नावांच्या कोणत्याही पद्धतीची खरी परीक्षा इथे होते. पायऱ्यांना ओळीने बावीस अक्षरे वाटून टाकणारी पद्धत या प्रश्नाला बगल देते. ती घरांना क्रमांक देते, घरात कोण राहते ते सांगत नाही.

अरबी संगीताने वेगळी वाट धरली. तिथल्या २४ जागांपैकी मुख्य सुरांना रास्त, दुगाह, सिगाह, जहारगाह अशी फारसी वळणाची नावे आहेत. दु, सि, जहार म्हणजे दोन, तीन, चार. मधल्या काही जागांना शेजारच्या नावाआधी ‘नीम’ लावले की जरा खालची जागा, ‘तीक’ लावले की जरा वरची. निमहकीम ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हा ‘नीम’ परका नाही. नाते सांगणारी ही नावे उत्तम आहेत, पण लांब आहेत. द्रुत तानेत ती कुणी उच्चारू शकणार नाही.

आपल्या श्रुतींच्या नावांचेही तेच. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त तीव्रा, कुमुद्वती, मंदा, छंदोवती अशी बावीस नावे दिली. षड्जाचे स्थान छंदोवतीवर. ही नावे सुंदर आहेत, पण गाण्यासाठी नाहीत. छंदोवती म्हणेपर्यंत सूर पुढे निघून जातो. शिवाय नावे बावीस म्हणून पायऱ्याही समान, असे समजण्याचा मोह होतो. बोझँकेट या इंग्रज अभ्यासकाने १८७७ मध्ये भारतीय बावीस विभागांवर निबंध लिहून समान विभागणीचा हिशोब मांडला होता. सा ते प तेरा श्रुती हे आपले जुने गणित त्यात बसतेही, पण असा पंचम ७०९ सेंटवर जातो, खऱ्या पंचमापेक्षा सात सेंट चढा. जुळलेल्या तंबोऱ्यासमोर तो क्षणभरही टिकणार नाही. आपल्याकडे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये श्रुतींवर इंग्रजी पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांनी समान भागांऐवजी प्रमाणांचाच आधार घेतला.

गळ्यासाठी खरी तोड दक्षिणेत निघाली. सतराव्या शतकातल्या वेंकटमखीच्या मेळ-परंपरेत र-रि-रु, ग-गि-गु, म-मि, ध-धि-धु, न-नि-नु अशी नावे आहेत. षड्ज-पंचम धरून बारा जागांना सोळा नावे. ‘रि’ आणि ‘ग’ एकाच जागेवर, ‘रु’ आणि ‘गि’ही एकाच. ही उधळपट्टी नाही. तोच सूर ऋषभ म्हणून आला की गंधार म्हणून, हे त्यातून कळते. जर्मनीत कार्ल आइट्झने १८९२च्या सुमारास केलेल्या पद्धतीतही असाच विचार दिसतो. एकाच पट्टीवरच्या दोन सुरांना एकच व्यंजन, आणि अर्ध्या सुराच्या अंतराने शेजारी आलेल्या दोघांना एकच स्वरचिन्ह. ‘गू’ नंतर ‘सू’, ‘नी’ नंतर ‘बी’. जवळचे नाते जिभेलाच कळावे, ही त्यातली युक्ती.

अलीकडे सूक्ष्म सुरांसाठी ज्या अनेक अक्षरपद्धती सुचवल्या गेल्या, त्यांतल्या चांगल्या पद्धती याच बाराखडीच्या वाटेने जातात. व्यंजन सुराचे कूळ सांगते, काना-वेलांटी त्याची चढउतार. हे तत्त्व मला पटते, पण त्यावर दोन आक्षेप आहेत. एक, स्वरचिन्हे फार वाढवली की त्यांतला फरक कानाला कळेनासा होतो. आखूड आणि लांब ‘इ’मधला भेद विलंबित लयीत विरून जातो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बोलताना ‘ई’ आणि ‘ऊ’ नैसर्गिकपणेच ‘आ’पेक्षा किंचित उंच पडतात, हे ध्वनिशास्त्राला ठाऊक आहे. पायऱ्यांमधले अंतर ३९ सेंट उरले, तर चढल्याचा भास सुराचा की वेलांटीचा, हे विद्यार्थ्याने कसे ओळखावे? चढ्या सुराला ‘ई’ आणि उतऱ्याला ‘आ’ दिला की नावच त्याच्या कानात कुजबुजते. तयारी झाली असे वाटते, पण सूर पाठ झालेला नसतो, उच्चार झालेला असतो. म्हणून अशा पद्धतीचा प्रत्येक धडा शेवटी नुसत्या आकारात गाऊन तपासावा, असे मला वाटते.

आता पुन्हा आपल्या ‘ग’कडे. समान विभागणीच्या वाद्यात प्रत्येक पायरी स्थिर आहे, तिला स्वतंत्र हाक हवीच. दरबारीचा गंधार मात्र पायरी नाही, ती हालचाल आहे. त्याचे मोल त्याच्या आंदोलनात आणि शेजारच्या सुरांशी असलेल्या ओढीत आहे. त्याला एकतिसांतले एक अक्षर देऊन जागेवर खिळवले, तर नाव मिळेल आणि गंधार हरवेल. तिथे एकच ‘ग’ ठेवून बाकीचे गुरूच्या गळ्यावर आणि तंबोऱ्यावर सोपवणे हे शहाणपण आहे. मात्र हेच शहाणपण पुढे करून जे स्थिर आहे तेही मोघम ठेवणे हा आळस होईल. भैरव आणि मारवा यांच्या ऋषभांतला फरक आपण विद्यार्थ्याला ‘कानाने समजून घे’ एवढेच सांगून सोडतो. त्याला निदान बोट ठेवायला एखादी वेलांटी दिली, तर बिघडणार काहीच नाही.