काचपेटीतली ९१७

१९७० साली फ्रान्समधील ल माँची २४ तासांची शर्यत पोर्शे ९१७ ने जिंकली. हान्स हेरमान आणि रिचर्ड अ‍ॅटवूड आळीपाळीने ती हाकीत होते. मूळच्या ४३ व्या हिश्श्याच्या, रेझिनच्या तिच्या प्रतिकृती संग्राहक हौसेने जमवितात. साच्यात ओतलेल्या या कृत्रिम राळेला धातूपेक्षा नाजूक कडा येते, म्हणून अंगाची वळणे अस्सल उतरतात. दारे मात्र उघडत नाहीत. बालगोपाळ हिरमुसतील, पण शिल्पाला बिजागऱ्या कशाला?

माझी तक्रार निराळी. पावसाने त्या शर्यतीला झोडपून काढले. अखेर अवघ्या ७ गाड्या गणतीत राहिल्या. आणि ही २३ क्रमांकाची तांबडी-पांढरी विजेती जणू नुकतीच न्हाऊन आलेली! काही कारखानदार चिखलाने माखलेल्या गाड्यांच्याही प्रतिकृती काढतात. मी तसलीच घेईन.