एका विजयाचे अमेरिकी वाचन

६ मे २००७ रोजी फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची दुसरी फेरी पार पडली आणि निकोला सार्कोझी हे सेगोलेन रॉयाल यांचा पराभव करून निवडून आले. सार्कोझी यांना ५३ टक्क्यांहून किंचित अधिक व रॉयाल यांना जवळजवळ ४७ टक्के मते पडली. मतदानाचे प्रमाण ८४ टक्क्यांच्या आसपास होते. हा कौल फ्रेंच मतदारांनी फ्रेंच कारणांसाठी दिला होता. परंतु अटलांटिकच्या पलीकडे त्याचे जे स्वागत झाले ते पाहिले म्हणजे हा कौल जणू अमेरिकेसंबंधीच मागितला होता, असे वाटावयास लागते. त्या स्वागताची राजकीय मीमांसा करण्याचा येथे हेतू नाही. तो प्रांत राज्यशास्त्राच्या अभ्यासकांचा. एका भाषाव्यवहारातील राजकीय संज्ञा दुसऱ्या भाषाव्यवहारात नेऊन ठेवली असता वाचकाला काय दिसते आणि काय दिसेनासे होते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

या स्वागताची पूर्वपीठिका सर्वांना परिचित आहे. २००३ च्या आरंभी इराकवरील नियोजित स्वारीला शिराक यांच्या सरकारने विरोध केला. अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी फ्रान्स व जर्मनी यांची गणना ‘जुन्या युरोपा’त केली, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये वॉशिंग्टन येथील प्रतिनिधिगृहाच्या उपाहारगृहांत ‘फ्रेंच फ्राइज’चे नामांतर ‘फ्रीडम फ्राइज’ असे करण्यात आले. बटाट्याचे तुकडे तेच राहिले, तळणेही तेच राहिले. बदलले ते विशेषण. २००६ साली कसलाही गाजावाजा न करता जुने नाव परत आले. शब्दाला शिक्षा केली म्हणजे वस्तूला शिक्षा होते, ही समजूत आदिम समाजांपुरती मर्यादित आहे असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग अवश्य ध्यानात ठेवावा. निकालाच्या आदल्याच दिवशी, ५ मे २००७ रोजी, राष्ट्राध्यक्षपदाचे इच्छुक मिट रॉम्नी यांनी रीजंट विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात श्रोत्यांना असे सांगितले की, फ्रान्समध्ये म्हणे आता सात-सात वर्षांच्या मुदतीचे विवाह होतात. असा कायदा फ्रान्समध्ये कधीच नव्हता. रॉम्नी यांनी तरुणपणी धर्मप्रचारक म्हणून फ्रान्समध्ये दोन-अडीच वर्षे काढली होती हे लक्षात घेतले, म्हणजे ही चूक अज्ञानातून आली असे म्हणणे कठीण जाते. अमेरिकेच्या उजव्या राजकीय बोलीत ‘फ्रान्स’ हे तोवर एका देशाचे नाव राहिलेच नव्हते. शैथिल्य, सुस्ती, कृतघ्नता अशा दोषांचे ते एक सामूहिक नाम झाले होते.

अशा स्थितीत ‘फ्रान्समध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह विजयी’ हे वाक्य वर्तमानपत्रांतून आले. त्या वाक्याने उजव्या टीकाकारांना झालेला हर्ष समजण्याजोगा आहे. कोणी सार्कोझींना फ्रान्सची थॅचर म्हटले, कोणी रेगन म्हटले. फ्रान्सने अखेर शहाणपण पत्करले, असा एकंदर सूर होता. या सुरातील कळीचा शब्द कोणता, हे शोधावयास फार दूर जावे लागत नाही.

सोस्यूर यांनी अर्थ आणि मूल्य यांत जो भेद केला आहे, त्याचे त्यांनी दिलेले उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असते. फ्रेंचमधील ‘मुतों’ हा शब्द मेंढी आणि तिचे मांस या दोहोंना लागतो. इंग्रजीत मांसासाठी ‘मटन’ हा वेगळा शब्द शेजारी असल्यामुळे ‘शीप’चे मूल्य संकोचते. (आपण तोच शब्द ‘मटण’ म्हणून घेतला आणि बहुधा बोकडाला लावला, ही तिसरी गंमत.) शब्दाचे मूल्य त्याच्या शेजाऱ्यांवर ठरते. आता ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’चा अमेरिकेतील शेजारी कोण? ‘लिबरल’. रूझवेल्ट यांच्या काळापासून त्या देशात हा शब्द शासनाने अर्थव्यवहारात हात घालावा असे मानणाऱ्या मनुष्याला लागू लागला. फ्रेंचमधला ‘लिबेराल’ मात्र आजही खुल्या बाजारपेठेचा पुरस्कर्ता आहे. म्हणजे एकच लॅटिन धातू दोन किनाऱ्यांवर परस्परविरुद्ध माणसांचे वर्णन करतो. फ्रान्समध्ये हे विशेषण उजव्या पुढाऱ्यालाही जड जाते. आपण ‘लिबेराल’ आहोत असे न संकोचता सांगणारे आलँ मादलँ २००२ च्या निवडणुकीत उभे राहिले, तेव्हा त्यांना चार टक्केही मते मिळाली नाहीत. अमेरिकी टीकाकारांनी सार्कोझींमध्ये जे पाहिले, त्याचे खरे फ्रेंच नाव ‘लिबेराल’ असे होते, आणि नेमके तेच नाव सार्कोझींनी प्रचारात घेण्याचे टाळले.

‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ या शब्दाचा स्वतःचा प्रवास तर याहून विलक्षण आहे. त्याचा राजकीय अर्थ मुळात फ्रेंच आहे. १८१८ साली शातोब्रियाँ यांनी ‘ल काँसेर्व्हातर’ नावाचे नियतकालिक काढले. ते १८२० पर्यंत चालले. पुढे १८३० च्या सुमारास इंग्लंडातील टोरी पक्षाने हे नाव उचलले. अमेरिकेत तर दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः रसेल कर्क यांचा ‘द कॉन्झर्व्हेटिव्ह माइंड’ हा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाल्यानंतर, त्याला एका चळवळीच्या स्वनामाची प्रतिष्ठा लाभली. दरम्यान जन्मभूमीत मात्र हा शब्द पक्षनाम म्हणून टिकला नाही. तेथील उजव्या पक्षांनी आपल्या नावांत प्रजासत्ताक, लोक, चळवळ असे शब्द घातले. सार्कोझी ज्या पक्षाचे अध्यक्ष होते त्याच्या नावाचा अर्थही ‘लोकचळवळीसाठी संघ’ असाच होतो. जो शब्द फ्रान्सने घडविला आणि टाकून दिला, तो दोन समुद्र ओलांडून एका फ्रेंच मनुष्याच्या कपाळी येऊन बसला. त्यातही मौज अशी की, कर्क यांच्या परंपरेचा आद्यपुरुष एडमंड बर्क. आणि बर्क यांची कीर्ती ज्या १७९० च्या ग्रंथावर उभी आहे तो फ्रेंच राज्यक्रांतीच्या निषेधाचा ग्रंथ. सार्कोझी तर प्रत्येक सभेत त्याच क्रांतीतून निघालेल्या प्रजासत्ताकाची दुहाई देत होते.

येथे आपल्या घरचीही एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे, कारण फ्रान्सच्या वार्ता मराठीत बहुशः इंग्रजी वृत्तसंस्थांच्या वाटेने येतात आणि अमेरिकी वाचन नकळत आपले वाचन होते. प्रस्तुत लेखक २००७ साली संशोधक विद्यार्थी होता. विभागाच्या भित्तिपत्रकासाठी त्याने इंग्रजी बातमीवरून ‘पुराणमतवादी सार्कोझी विजयी’ असा मथळा केला. मार्गदर्शक बाईंनी तो वाचून एवढेच विचारले, “कोणते पुराण?” त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. ‘सनातनी’ म्हणावे तर सार्कोझी दोनदा विवाहबद्ध झालेले गृहस्थ. ‘स्थितिवादी’ म्हणावे तर ते ज्या शब्दावर निवडणूक लढले तो शब्द ‘र्‍युप्त्यूर’, म्हणजे विच्छेद. ब्रिटनच्या बाबतीत मराठी वृत्तपत्रांनी एके काळी ‘हुजूर पक्ष’ आणि ‘मजूर पक्ष’ अशी सुरेख यमकबद्ध जोडी रूढ केली होती. तीत भाषांतर नव्हते. त्या पक्षांचे समाजातील स्थान पाहून केलेले नामकरण होते, आणि म्हणूनच ती चपखल बसली. अमेरिकी वृत्तलेखकांना असे नवे नाव पाडण्याची गरज भासली नाही. घरचेच नाव हाताशी होते.

‘र्‍युप्त्यूर’ या शब्दावर थोडे थांबले पाहिजे. अमेरिकी वाचकाला त्यात रेगन यांच्या क्रांतीचा प्रतिध्वनी ऐकू आला. फ्रेंच कानाला मात्र तो शब्द डाव्या बाजूने आलेला आहे: १९७१ साली एपिने येथील अधिवेशनात मित्तेराँ यांनी समाजवादी पक्ष हाती घेतला, तेव्हा भांडवलशाही समाजाशी विच्छेद हीच त्यांनी पक्षप्रवेशाची अट सांगितली होती. सार्कोझींनी पुढे ‘र्‍युप्त्यूर’ला ‘शांत’ असे विशेषण जोडले, तेव्हाही १९८१ सालची मित्तेराँ यांची ‘शांत शक्ती’ ही घोषणा त्यामागे उभी होती. १४ जानेवारी २००७ रोजी उमेदवारी स्वीकारताना त्यांनी झोरेस आणि ब्लुम या समाजवादी नेत्यांची नावे घेतली. तेथेच इराक युद्ध ही चूक होती असे म्हणून त्याला विरोध केल्याबद्दल शिराक यांना आदरांजलीही वाहिली. शत्रूच्या शब्दकोशातून शब्द उचलणे ही सार्कोझी व त्यांचे भाषणलेखक आंरी गेनो यांची आवडती क्लृप्ती होती. शब्दांची नुसती यादी पाहिली तर हा उमेदवार अर्धा डावा वाटेल. त्याचे धोरणही अर्धे डावे होते, असा याचा अर्थ नव्हे. परंतु ज्या श्रोत्यांपुढे तो बोलत होता त्यांना कोणते शब्द ऐकावयाचे आहेत हे तो जाणत होता.

२९ एप्रिलच्या बेर्सी येथील सभेत १९६८ च्या मे महिन्याचा वारसा मोडीत काढण्याची त्यांनी भाषा केली. हा भाग अमेरिकेत सर्वांत आनंदाने वाचला गेला यात नवल नाही. तेथील उजव्यांचेही त्या दशकाशी जुने वैर आहे. तथापि त्या वैराचा गाभा तेथे धर्म, गर्भपात आणि कुटुंब या प्रश्नांशी बांधलेला आहे. इकडे सार्कोझींच्या पाठिराख्या समितीचे अध्यक्षपद सिमोन व्हेय यांच्याकडे होते, ज्यांनी १९७५ साली गर्भपाताला कायद्याची मान्यता मिळवून दिली. आणि निवडणुकीच्या केवळ तीन महिने आधी फ्रेंच संसदेने मृत्युदंडाची बंदी प्रचंड बहुमताने थेट संविधानात घातली होती. वाक्य एकच असले तरी त्याभोवतीची गृहीतके अशी निराळी होती.

‘सार्को लामेरिकँ’, म्हणजे ‘अमेरिकन सार्को’, या टोपणनावाचेही असेच झाले. फ्रान्समध्ये ही विरोधकांची शिवी होती. २००७ च्या जानेवारीत समाजवादी पक्षाने काढलेल्या एका पुस्तिकेत सार्कोझींना फ्रेंच पारपत्र बाळगणारे अमेरिकी नवपुराणमतवादी ठरविण्यात आले. (या पुस्तिकेचे काम ज्यांच्या देखरेखीखाली झाले ते एरिक बेसाँ महिन्याभरात पक्ष सोडून बाहेर पडले आणि मे महिन्यात सार्कोझींच्याच सरकारात सामील झाले, शब्द किती मनापासून वापरले जातात याचा हा एक नमुना.) हीच शिवी वॉशिंग्टनला पोहोचली तेव्हा तिचे प्रशस्तिपत्र झाले. निंदेचा स्तुतीत असा पालट होताना शब्दातले एक अक्षरही बदलावे लागले नाही.

विजयाच्या रात्रीचे भाषण या दृष्टीने मुळातून वाचण्यासारखे आहे. अमेरिकी मित्रांना गरज पडेल तेव्हा फ्रान्स त्यांच्या बाजूला उभा राहील, हे त्यांनी सांगितले. त्याच श्वासात त्यांनी असेही म्हटले की, मित्र वेगळा विचार करू शकतात हे मान्य करण्यातच मैत्री असते, आणि पृथ्वीच्या तापमानवाढीविरुद्धच्या लढ्यात अडथळा न आणता त्याचे नेतृत्व करणे हे अमेरिकेसारख्या महान राष्ट्राचे कर्तव्य आहे. उजव्या स्वागतपर लेखनात पहिल्या अर्ध्या भागाने मथळे व्यापले; दुसरा भाग शिष्टाचाराचे पुरवणी वाक्य म्हणून मागे पडला. फ्रेंच वाक्यरचनेत मात्र भर दुसऱ्यावर होता.

पुढील घटनाक्रमाने या वाचनाला अंशतः दुजोरा दिला, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. ऑगस्ट २००७ मध्ये सार्कोझी सुट्टीसाठी न्यू हॅम्पशायरला गेले आणि केनेबंकपोर्ट येथे बुश यांच्या घरी त्यांनी भोजन घेतले. ७ नोव्हेंबरला अमेरिकी काँग्रेसच्या संयुक्त सभेत त्यांचे भाषण टाळ्यांच्या गजरात झाले. १९६६ साली द गॉल यांनी नाटोच्या ज्या एकात्म लष्करी रचनेतून फ्रान्सला बाहेर काढले होते, तिच्यात सार्कोझींनी २००९ साली देशाला परत नेले. ही लहान गोष्ट नव्हे. परराष्ट्रनीतीपुरते पाहिले तर ‘अमेरिकन’ हे विशेषण अगदीच खोटे ठरले नाही. खोटे ठरले ते ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’. निवडून येऊन दोन महिने होण्यापूर्वीच, २००७ च्या जूनमधील ब्रसेल्स येथील बैठकीत, युरोपीय संघाच्या उद्दिष्टांतून मुक्त व अविकृत स्पर्धेचा उल्लेख वगळावयास त्यांनी भाग पाडले. २५ सप्टेंबर २००८ रोजी तूलाँ येथे तर, सर्वशक्तिमान बाजारपेठ नेहमी बरोबरच असते ही कल्पना आता संपली, असे त्यांनी जाहीर केले. यात मतपरिवर्तन शोधण्याचे कारण नाही. अर्थमंत्री असताना २००४ साली आल्स्टॉम ही बुडू घातलेली कंपनी सरकारी भांडवल घालून वाचविणारे सार्कोझीच होते. पुरावा निवडणुकीपूर्वीच उपलब्ध होता. ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ या शब्दाखाली तो झाकला गेला.

डाव्या बाजूच्या अमेरिकी प्रतिक्रियांबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. त्यांचा दोष तोच, फक्त दिशा उलटी. हिलरी क्लिंटन यांची उमेदवारी तेव्हा ऐन भरात असल्यामुळे रॉयाल यांच्या पराभवात त्यांनी स्त्री-उमेदवाराचे भवितव्य वाचले. रॉयाल यांचे आपल्याच पक्षातील ज्येष्ठांशी असलेले वितुष्ट किंवा मध्यममार्गी बायरू यांना पहिल्या फेरीत मिळालेली १८ टक्क्यांहून अधिक मते यांना त्या वाचनात जागा नव्हती.

रिपब्लिकन पक्षातील एका नेत्याने मात्र या निकालाचा अधिक चतुर उपयोग केला. अप्रिय झालेल्या सत्ताधारी पक्षातूनच पुढे येऊन परिवर्तनाचा उमेदवार म्हणून कसे जिंकावे, याचा धडा सार्कोझींकडून घ्यावा, असे न्यूट गिंग्रिच २००७ साली आपल्या पक्षाला सांगत होते. हे वाचन शब्दाचे नसून डावपेचाचे होते, आणि म्हणूनच ते इतरांहून खरे होते. पुढे २०१२ च्या जानेवारीत स्वतः गिंग्रिच उमेदवारीच्या शर्यतीत होते, तेव्हा त्यांच्या प्रचारपथकाने रॉम्नींविरुद्ध एक जाहिरात काढली. तिचे नाव ‘द फ्रेंच कनेक्शन’ असे होते, आणि तिच्या शेवटी रॉम्नींवर ठेवलेला आरोप हा, की त्यांना फ्रेंच बोलता येते. त्या दिवशी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझीच होते.