सोंग, संहिता आणि समुदाय : अद्भुताच्या वाचकमेळ्याविषयी

मराठी समीक्षेने वाचकाचा विचार केला तो बहुधा एकट्या वाचकाचा. हा वाचक पुस्तक उघडतो, आस्वाद घेतो, पुस्तक मिटतो आणि त्याची अभिरुची उन्नत वा अवनत होते. वाचनाला सामुदायिक, शारीर आणि उत्सवी असेही एक रूप असू शकते याची दखल आपल्या वाङ्मयविचारात फारशी घेतली गेलेली नाही. विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि चित्रकथा यांच्या चाहत्यांचे जे वार्षिक मेळे आज जगभर भरतात, त्यांच्याकडे या उणिवेच्या संदर्भात पाहणे उपयुक्त ठरेल. त्यांना बालिश हौस म्हणून बाजूला सारता येते. परंतु तसे करताना एक महत्त्वाचा वाङ्मयीन प्रश्नही बाजूला सारला जातो.

1939 हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये टॉल्किन यांनी परीकथांविषयी एक व्याख्यान दिले. अद्भुताच्या वाचकावर पलायनवादाचा आरोप करणारे टीकाकार कैद्याची सुटका आणि शिपायाचे रणांगणातून पळणे यांत गल्लत करतात, असा त्यातील एका मुद्द्याचा आशय होता. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये न्यूयॉर्क येथे विज्ञानकथेच्या चाहत्यांचे पहिले जागतिक संमेलन भरले. फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस तेथे भविष्यकाळातील माणसांचा वेश करून आले होते. एकीकडे अद्भुताच्या वाचनाचे सैद्धांतिक समर्थन उभे राहत होते आणि दुसरीकडे वाचक स्वतःच संहितेतून बाहेर पडून, किंबहुना संहिता अंगावर घेऊन, रस्त्यावर येत होता. मात्र त्याच संमेलनाच्या दारात अंतर्गत वादापायी काही तरुण चाहत्यांना प्रवेश नाकारण्यात आला, हेही विसरता येत नाही. समुदाय म्हटला की दार आले, आणि दार आले की बाहेर राहिलेलेही आले.

या घटनेचा मराठी प्रतिध्वनी शोधू गेल्यास तो चोपन्न वर्षे आधीच सापडतो. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने 1878 मध्ये पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली. 1885 च्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी नाकारले. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या मानवी हक्कांना जागा नाही त्यांच्या सभेशी आपल्या सभांचा मेळ कसा बसावा, हा त्यांच्या पत्राचा रोख होता. मराठीतील वार्षिक साहित्यमेळ्याची परंपरा अशा रीतीने आरंभापासूनच एका नकाराने अंकित आहे. ती परंपरा मूलतः ग्रंथकारांची आहे, ही दुसरी बाब. वाचक तेथे येतो तो श्रोता म्हणून वा ग्राहक म्हणून. मंडपात त्याला खुर्ची असते, भूमिका नसते.

अद्भुताच्या मराठी वाचकाला तर खुर्चीही उशिरा मिळाली. हळब्यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ 1868 ची. पुढे नाथमाधव आणि गो. ना. दातार यांनी अद्भुतरम्य कथनाचा मोठा वाचकवर्ग निर्माण केला. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्ती ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ या तीन कृतींच्या नावांनी निर्देशिल्या. ही मांडणी अतिशय फलदायी ठरली. परंतु तिच्या प्रभावाखाली मूल्याचे पारडे पहिल्या प्रवृत्तीकडे झुकले आणि ‘मुक्तामाला’चा वंश अभिरुचीच्या मागल्या दाराशी उभा राहिला. नारायण धारपांची पुस्तके ग्रंथालयांतून झिजेपर्यंत वाचली गेली, पण समीक्षेच्या पानांवर ती क्वचित आली. 2018 च्या ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटाच्या बीजाशी धारपांच्या कथेचे नाते आहे, हे कळल्यावर अनेक मराठी अभ्यासकांना त्यांची नव्याने आठवण झाली. जयंत नारळीकरांसारख्या विज्ञानकथाकाराला साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळावयास 2021 चे नाशिक येथील 94 वे संमेलन उजाडावे लागले. आणि तेव्हा प्रकृतीमुळे ते व्यासपीठावर उपस्थित राहू शकले नाहीत.

येथे फिनलंडची तुलना उद्बोधक ठरते. या देशाची लोकसंख्या महाराष्ट्राच्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याच्या तोडीची. तेथे 1986 पासून ‘फिनकॉन’ हा अद्भुत व विज्ञानकथेच्या चाहत्यांचा मेळा भरत आला आहे. तो एका शहरात स्थिर नसतो आणि त्याचा प्रवेश सामान्यतः विनामूल्य असतो. योहाना सिनिसालो या लेखिकेच्या ट्रोल या लोककथेतील प्राण्याभोवती गुंफलेल्या कादंबरीला 2000 मध्ये तेथील प्रतिष्ठेचा फिनलंडिया पुरस्कार मिळाला, आणि 2017 मध्ये जागतिक संमेलनच हेलसिंकीस भरले. मेळ्यामुळे पुरस्कार मिळाला, असे सरळ कार्यकारण येथे मांडावयाचे नाही. छोट्या भाषेतील अद्भुताला आपल्या लोककथेची भूमी, संघटित वाचक आणि गंभीर समीक्षा ही तिन्ही लाभू शकतात, एवढेच या उदाहरणातून सिद्ध होते. मराठीजवळ यांपैकी पहिली गोष्ट विपुल आहे.

विपुल म्हणजे किती, हे मराठवाड्यात पाहावे. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडांतून वाघ्या, मुरळी, भूत, विंचू चावलेला, वेडी अशी सोंगे उभी केली. नवरात्राच्या अखेरीस होणाऱ्या लळितात छडीदार, वासुदेव, गोंधळी एकामागून एक येतात. पालघर-नाशिककडील बोहाड्यात गावकरी स्वतः मुखवटे चढवून देवदैत्य होतात. संहिता अंगावर घेण्याची क्रिया आपल्याला नवी नाही. मात्र एवढ्यावरून आधुनिक वेशधारी चाहत्याला ‘आमच्याकडे हे होतेच’ म्हणून परंपरेत सामावून टाकणे हे आळशी देशीवादाचे लक्षण ठरेल. भारुडातील सोंग रूपकात्मक असते. भूत वा विंचू अखेरीस अध्यात्मार्थात विरून जातो. चाहत्याचा वेश कशातही विरत नाही. त्याला पात्राचा अर्थ सांगावयाचा नसतो, पात्र आपले आहे असा दावा करावयाचा असतो. पहिल्यात संहितेला शरणागती आहे; दुसऱ्यात संहितेवर हक्क आहे.

तिसरा नमुना बहुरूप्याचा आहे आणि तो अधिक अस्वस्थ करणारा आहे. जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावातील बाजारपेठेत पोलिसाच्या वेशातला बहुरूपी दुकानदाराला दरडावतो, नसलेल्या गुन्ह्याचे वॉरंट काढतो, भोवतीचे हसतात, आणि मग तोच हात दक्षिणेसाठी पुढे होतो. बाख्तिनने कार्निव्हलच्या विवेचनात सांगितलेली सत्तेची उलथापालथ येथे घटकाभर घडते. पण ती घडवणारा माणूस जन्माने त्या कामाला जखडलेला असतो. मुंबईच्या मेळ्यातील तरुण संध्याकाळी वेश उतरवून आपल्या प्रतिष्ठेत परततो. बहुरूप्याला परतण्यासाठी प्रतिष्ठा नसते. सोंग ही एकाची निवड आहे, दुसऱ्याचे प्राक्तन. या भेदाकडे डोळेझाक करणारी कोणतीही सौंदर्यमीमांसा अपुरी राहील.

शिवाय सोंगाला ते ओळखणारा समाज लागतो. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार केले. त्यांनी कोणताही वेश घेतलेला नव्हता. ते आपली परंपरागत भिक्षा मागत आले होते. तरीही ही घटना प्रस्तुत विषयाशी निगडित आहे. दारी येणाऱ्या अनोळखी माणसाची कथा वाचण्याची रीत जेथे लोपते, तेथे तिच्या जागी अफवेची संहिता येते. कल्पिताला कल्पित म्हणून ओळखण्याची क्षमता ही केवळ आस्वादाची बाब नाही. ती सहजीवनाची अट आहे.

या पार्श्वभूमीवर 2011 पासून भारतातील महानगरांत भरू लागलेल्या ‘कॉमिक कॉन’चे मूल्यमापन करावे लागते. तेथील तिकीट, तेथील इंग्रजी आणि तेथील व्यापारी मांडणी यांविषयीचे आक्षेप खरे आहेत. परंतु तेथे तरुण वाचकाला भूमिका मिळते, हेही तितकेच खरे. जाफराबादचा विद्यार्थी हॅरी पॉटर मराठी अनुवादात वाचतो, नारळीकर वाचतो, धारप वाचतो. मुंबईचा मेळा त्याच्यापासून रात्रभराच्या प्रवासाइतका दूर आहे. साहित्य संमेलनाचा मंडप कदाचित त्याहून दूर. त्याच्या कल्पनाशक्तीला घरचे सोंग जातीशी बांधलेले दिसते आणि बाहेरचे सोंग बाजाराशी.

तालुक्याच्या गावी, विनाशुल्क, मराठीत आणि वाचकाला मध्यभागी ठेवून अद्भुताचा मेळा भरवणे अशक्य नाही. फिनलंडने त्याचे रूप दाखवले आहे आणि भारुडाने त्याचे व्याकरण. अट एवढीच, की सोंग घेण्याचा हक्क सर्वांना असावा आणि सोंग घेण्याची सक्ती कोणावरही नसावी. फुल्यांनी 1885 मध्ये विचारलेला प्रश्न अद्भुताच्या मांडवालाही लागू आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी मराठी समीक्षेला, ज्याला तिने आजवर पळपुटा म्हटले तो वाचक कोणत्या कैदेतून सुटू पाहत होता, हे तपासावे लागेल.