दत्ताजी पाडेवार कोण?

अंबाजोगाई म्हटले की मराठीच्या विद्यार्थ्याला दोन नावे आठवतात, मुकुंदराज आणि दासोपंत. दासोपंतांचा (1551–1615) दबदबा विशेष. सव्वा लाख ओव्यांचा 'गीतार्णव' त्यांच्या नावावर आहे. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर त्यांनी लिहिलेले 'पंचीकरण' 'पासोडी' म्हणून प्रसिद्ध आहे. माहूरची तपश्चर्या, गेवराई तालुक्यात गोदाकाठी असलेल्या राक्षसभुवनला दत्ताचा प्रसाद आणि मग अंबाजोगाईचा कायमचा मुक्काम, अशी त्यांच्या चरित्राची वाट सांगतात. या सर्वांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यांच्या चरित्रातल्या ज्या माणसाविषयी लिहायचे आहे, त्याच्याविषयी कोणी फारसे लिहीत नाही. तो एका प्रसंगात येतो आणि नाहीसा होतो. त्याचे नाव दत्ताजी पाडेवार.

कथा अशी. दासोपंतांचे वडील दिगंबरपंत हे नारायणपेठचे देशपांडे. दुष्काळ पडला, सारा थकला. बेदरच्या बादशहाने कोवळ्या वयाच्या दासोपंतांना ओलीस ठेवून घेतले. महिन्याच्या आत रक्कम आली नाही तर मुलाला बाटवू, अशी धमकी दिली. मुदत संपत आली आणि एक पाडेवार दरबारात हजर झाला. दिगंबरपंतांचा चाकर म्हणून त्याने स्वतःची ओळख दिली, सगळी रक्कम मोजली आणि तो निघून गेला. मुलगा सुटला. पुढे कळले की तो पाडेवार म्हणजे साक्षात दत्तात्रेय. दासोपंतांना वैराग्य आले ते या प्रसंगाने.

पाडेवार म्हणजे गावकीची कामे करणारा महार. म्हणजे अंबाजोगाईच्या दत्तभक्तीच्या मुळाशी महाराचा वेष घेतलेला देव उभा आहे. ही कथा एकटी नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे लुटविली, तेव्हा विठोबा 'विठू महार' होऊन बेदरला पैसे भरून आला. महिपतीने 'भक्तविजया'त (1762) ही कथा घराघरांत पोचविली. दोन्ही कथांत दुष्काळ तोच, बेदर तेच, थकलेला सारा तोच आणि देवाने घेतलेले रूपही तेच.

या कथांकडे बोट दाखवून आम्हाला सांगितले जाते की पाहा, आमच्या देवाला महार होण्याची लाज वाटली नाही. भक्तीच्या राज्यात जात नव्हती. या विधानाची परीक्षा झाली पाहिजे आणि ती साहित्याच्या कसोटीवरच झाली पाहिजे.

देवाने महाराचेच रूप का घेतले? उत्तर गावगाड्यात आहे. सारा भरायला रयतेला चावडीवर बोलाविणे, सरकारी खजिना ठाण्यावर पोचविणे, शिवेच्या भांडणात साक्ष देणे, ही महाराची कामे. पैसा घेऊन कोसच्या कोस चालत जाणारा आणि त्यातली कवडीही न ढळू देणारा माणूस म्हणून सारा मुलूख त्याच्यावर भरवसा ठेवीत होता. कथाकाराला दरबारात संशय न येता पैसे भरणारा माणूस हवा होता, तो त्याला महारवाड्यातच सापडला. नकळत दिलेली ही कबुली आहे. ज्याच्या हाती खजिना सोपवायचा, त्याच्या हातचे पाणी मात्र चालत नव्हते. आणखी एक गोष्ट पाहा. कथेतला बादशहा दुष्ट आहे, पण पाडेवार त्याच्या दरबारात सरळ जातो. तोच पाडेवार दिगंबरपंतांच्या देवघरात गेला असता काय? कथा आपला सगळा राग बादशहावर खर्च करते आणि हा प्रश्न उभाच राहू देत नाही.

आता कथेच्या चमत्काराकडे या. वाचक गहिवरतो तो कशाने? पैसे भरले गेले याने नव्हे, देव एवढा खाली उतरला याने. महाराचे स्थान जितके हीन, तितकी देवाची कृपा थोर. महार इतरांसारखाच माणूस आहे असे मानले, तर देवाच्या उतरण्याला काही अर्थच राहात नाही. म्हणजे या कथेला अस्पृश्यता हवी आहे, तिच्यावाचून तिचा रस उभा राहात नाही. म्हणून अशा कथा शेकडो वर्षे ऐकूनही गावाची वेस एक पाऊल हलली नाही.

दत्तसंप्रदायाच्या 'गुरुचरित्रा'त हे अधिक उघड आहे. ज्यांनी परळी वैजनाथला वर्षभर गुप्त वास केला असे परंपरा मानते, त्या नृसिंहसरस्वतींचीच ही गोष्ट. गर्विष्ठ ब्राह्मणांची खोड मोडायला ते एका अंत्यजाला बोलावतात, जमिनीवर सात रेघा ओढतात आणि एकेक ओलांडायला लावतात. रेघेगणिक त्याची जात चढते आणि शेवटी तो वेद बोलू लागतो. काम झाल्यावर तो म्हणतो, मला आता ब्राह्मणांत घ्या. तेव्हा त्याच्या अंगावर पाणी ओतविले जाते, भस्म धुतले जाते आणि तो पुन्हा अंत्यज होऊन घरी जातो. त्याचा हा जन्म मागल्या जन्मीच्या दोषाचे फळ, असा खुलासाही जोडलेला आहे. देव वेष उतरवून देव होतो. अंत्यजाचा वेष उतरविला की तो अंत्यज होतो. दोघांची मोजणी एकाच पट्टीने झालेली नाही.

याचा अर्थ सगळी भक्तिपरंपरा एकाच मापाने टाकून द्यावी असे मी म्हणत नाही. सोळाव्या शतकात देवाला पाडेवाराचे नाव देणे ही लहान गोष्ट नव्हती. दासोपंतांचे समकालीन एकनाथ एक पाऊल पुढे गेले. त्यांच्या भारुडांत महार जोहार घालून येतो, बोलतो आणि ऐकणाऱ्या ब्राह्मणाला शहाणपण शिकवितो. पण तोंड महाराचे असले तरी वाणी नाथांची आहे. चोखामेळ्याच्या अभंगात मात्र महार स्वतः बोलतो. त्याचा मुलगा कर्ममेळा तर आपल्या हीन जन्माचा जाब थेट देवालाच विचारतो. पाडेवाराच्या कथेत महाराचे फक्त रूप आहे, भारुडात त्याचा आवाज उसना आहे, अभंगात तो त्याचा स्वतःचा आहे. या तीन पायऱ्या आपल्या समीक्षेने वेगळ्या मोजल्या पाहिजेत. 'संतांची समता' या एका शब्दाखाली त्या गाडल्या जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1948 साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. त्यांनी ज्यांची निवड केली, त्यांतले रविदास आणि चोखामेळा हे स्वतःच्या तोंडाने बोललेले लोक होते.

मंगळवेढ्याचेच पाहा. ज्या गावच्या दामाजीसाठी विठोबा महार झाला, त्याच गावी त्याच्या आधी, 1338 साली, गावकुसाच्या वेठीवर राबताना चोखामेळा कोसळलेल्या भिंतीखाली मेला, असे परंपराच सांगते. खऱ्या महाराच्या वाट्याला भिंत आली. त्याची समाधी महाद्वाराबाहेर झाली आणि ते द्वार उघडायला साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावे लागले. विठू महाराच्या नावाने बावन्न हक्कांची सनद मिळाल्याचे आमचे वाडवडील अभिमानाने सांगत. त्या हक्कांत मेलेले ढोर होते आणि शिळा तुकडा होता. हे वतन म्हणजे गुलामगिरी आहे हे ओळखून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले.

राहिला नावाचा प्रश्न. देवाने पाडेवाराचे नाव एक दिवस घेतले आणि ते पवित्र झाले. याच मराठवाड्यात 27 जुलै 1978 रोजी विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव झाला, तेव्हा वस्त्या पेटल्या, माणसे मारली गेली. नाव लागायला 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला, तेही विस्तार करून. महाराचे नाव देवाला चालते, पण महाराच्या घरी जन्मलेल्या विद्वानाचे नाव दाराला चालत नाही. कथेत शिकविलेली समता कथेतच राहिली, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

मग दत्ताजी पाडेवार कोण? चमत्कार बाजूला ठेवला तर एक शक्यता उरते. एखादा खराच पाडेवार दुष्काळात रक्कम घेऊन बेदरपर्यंत चालत गेला असेल. त्याचे उपकार मानणे जड गेले, म्हणून त्याला देव करून टाकले असेल. देवाचे आभार मानले की चाकराचे मानावे लागत नाहीत. हे कागदावर सिद्ध करता येत नाही. पण लेखणी कोणाच्या हाती होती हे ज्याला ठाऊक आहे, त्याने ही शक्यता सोडू नये.

अंबाजोगाई, गेवराई, परळीकडे शिकविणाऱ्या मित्रांना माझे सांगणे एवढेच: पासोडी जरूर शिकवा, ती मोठीच कृती आहे. पण चरित्र सांगताना पाडेवारापाशी थांबा आणि मुलांना विचारू द्या की तो पैसे भरून कोठल्या वस्तीत परत गेला. आणि त्या वस्त्यांतल्या म्हाताऱ्या माणसांकडे ही गोष्ट कशी सांगतात, ते वहीत उतरवून घ्या. देवघरातली आवृत्ती छापली गेली आहे. दुसरी असेल तर ती अजून तोंडातच आहे.