विक्षिप्त संगीताचा लेखनिक

एखादी कलाकृती दुर्बोध वाटली की आपण तिच्या कर्त्याविषयी दोन तर्क करतो : एक तर तो वेडा असला पाहिजे, नाही तर तो आपली थट्टा करीत असला पाहिजे. आपल्या नवकाव्याच्या वाट्याला हे दोन्ही तर्क आले. अमेरिकेतील सायकेडेलिक संगीताच्या बाबतीत आणखी एक तर्क तयार असतो : हे सारे नशेत झाले असावे. त्या कालखंडाच्या अखेरीस, १९६९ साली निघालेल्या व विक्षिप्त म्हणून गाजलेल्या एका ध्वनिमुद्रिका-संचाच्या बाबतीत हे तिन्ही तर्क अपुरे पडतात, असे मला वाटते.

शिलाँगला बदली होऊन आलो त्या पहिल्याच पावसाळ्यात एका खासी सहकाऱ्याने मला तो संच ऐकविला. 'ट्राउट मास्क रेप्लिका' हे त्याचे नाव. कर्ता डॉन व्हॅन व्लीट. रंगमंचावरील नाव कॅप्टन बीफहार्ट. वेष्टनावर माशाचे मुंडके तोंडासमोर धरलेला हाच गृहस्थ. दोन तबकड्या, २८ गीते, सुमारे ७९ मिनिटे. ख्यालावर पोसलेल्या माझ्या कानांना पहिली पाच मिनिटे केवळ गोंगाट ऐकू आला आणि मी यजमानास तो थांबविण्याची विनंती केली. त्याने थांबविला नाही, याबद्दल आज मी त्याचा ऋणी आहे.

कारण चौथ्या-पाचव्या श्रवणानंतर त्या गोंगाटाचे पदर सुटू लागतात. 'फ्राउनलँड' हे पहिलेच गीत घ्या. दोन गिटार, बास आणि ड्रम यांपैकी प्रत्येक वाद्य आपल्या स्वतंत्र लयीत चालते; प्रत्येकाच्या आवर्तनाची लांबी निराळी. आपल्या भाषेत सांगायचे तर प्रत्येकाची सम वेगळी आहे. ती वाद्ये मधूनच एका ठिकाणी भेटतात आणि पुन्हा आपापल्या वाटेने निघून जातात. ही भेट योगायोगाने घडत नाही, हे लक्षात आले की ऐकणाऱ्याची बैठकच बदलते. नशेतल्या माणसाला एवढा हिशेब सांभाळता येत नाही.

हा हिशेब सांभाळला कोणी? व्हॅन व्लीटने मुलाखतींतून असे भासविले, की सगळी रचना आपण साडेआठ तासांत पियानोवर बसून केली. वस्तुस्थिती अशी, की त्यास पियानो वाजविण्याचे शिक्षण नव्हते व स्वरलेखन येत नव्हते. तो पियानोवर तुकडे वाजवी. ड्रम वाजविणारा जॉन फ्रेंच ते तुकडे कागदावर उतरवून घेई, त्यांची जुळणी करी आणि कोणी काय वाजवायचे हे प्रत्येक वादकास शिकवी. लॉस एंजेलिसच्या वुडलंड हिल्स भागातील एका घरात सुमारे आठ महिने ही तालीम चालली. पोटाला पुरेसे अन्न नाही, दिवसाचे बारा-बारा तास सराव आणि म्होरक्याकडून तासन्‌तास पाणउतारा, अशी त्या घराची कहाणी गिटारवादक बिल हार्कलरोडने १९९८ साली व फ्रेंचने २०१० साली आपापल्या ग्रंथांत सांगितली आहे. पुढे निर्माता फ्रँक झॅपा याच्या देखरेखीखाली वीसएक गीतांचे वादन अवघ्या सहा तासांच्या आत मुद्रित झाले. इतके ते मुखोद्गत होते.

आणि संच बाहेर पडला तेव्हा वेष्टनावरील वादकांच्या यादीत जॉन फ्रेंचचे नाव नव्हते. दरम्यान तो समूहातून बाहेर पडला होता.

कल्पना व्हॅन व्लीटच्या होत्या, हे निर्विवाद. परंतु संचातील उणी स्थळे पाहिली म्हणजे लेखनिकाचा वाटा किती मोठा होता ते कळते. जेथे व्हॅन व्लीट स्वतः सॅक्सोफोन घेऊन सुचेल तसा फुंकतो, तेथे रचना विसविशीत होते व कान कंटाळतात. जेथे कागदावर उतरलेले आणि घोटून घेतलेले संगीत आहे, तेथे ते आजही ताजे वाटते. विक्षिप्तपणा टिकाऊ झाला तो लेखनामुळे.

याच वर्षी निघालेल्या 'ओर' या ध्वनिमुद्रिकेशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होईल. अलेक्झांडर स्पेन्स हा गायक उन्मादाच्या भरात कुऱ्हाड घेऊन सहकाऱ्यावर चालून गेला आणि न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात काही महिने राहिला. तेथून सुटल्यावर डिसेंबर १९६८ मध्ये नॅशव्हिल येथे त्याने सारी वाद्ये एकट्याने वाजवून ही गीते मुद्रित केली. संगीत कोठे अडखळते, कोठे विरून जाते. अखेरच्या दीर्घ गीतात ड्रम, बास आणि एक खोल गेलेला आवाज एवढेच उरते. रसिक या दोन्ही कृतींना 'विचित्र' या एकाच कप्प्यात टाकतात, तथापि त्यांच्यात विलक्षण अंतर आहे. 'ओर'चा भंगलेपणा खरा आहे आणि त्याची किंमत स्पेन्सने एकट्याने मोजली. बीफहार्टचा भंगलेपणा घडविलेला आहे आणि त्याची किंमत इतरांनी मोजली.

तेव्हा ही कृती मोठी की नाही? अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१० च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-सूचीत तिचा समावेश केला, तो मला योग्य वाटतो. परंतु कृती मोठी म्हणून तिच्यासाठी झालेला जाचही क्षम्य, हा युक्तिवाद मला मान्य नाही. आठ महिन्यांचे परिश्रम आवश्यक होते. उपासमार आणि अपमान यांवाचून ते झाले नसते, असे कोणी सिद्ध केलेले नाही.

माझा दिवस दुसऱ्याच्या सहीसाठी मसुदे तयार करण्यात जातो, म्हणून कदाचित ही यादी मला अधिक बोचत असेल. सरकारी मसुद्यावर कारकुनाचे नाव नसते, आणि ते नसावे हेच बरोबर. तेथे सहीबरोबर जबाबदारीही वरिष्ठांकडे जाते. कलेचा व्यवहार निराळा आहे. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस लेखनिक म्हणून सच्चिदानंदबाबांचे नाव आले आहे, आणि त्यामुळे ज्ञानेश्वरांचे कर्तृत्व तिळभरही उणे झालेले नाही. एक ओळ वाढली असती, तर व्हॅन व्लीटचेही काही उणे झाले नसते.