पान आणि पृष्ठ : मुद्रित कथनातील औत्सुक्य आणि विस्मय

कथनमीमांसेत 'संहिता' ही संकल्पना वापरताना एक गृहीत सहसा तपासले जात नाही. संहिता म्हणजे विशिष्ट क्रमाने आलेले शब्द. ते किती ओळींत, कोणत्या पृष्ठावर छापले जातात हा मुद्रकाचा प्रश्न आहे, असे हे गृहीत आहे. कादंबरीच्या बाबतीत ते बव्हंशी खरेही आहे. आवृत्ती बदलली की वाक्ये वेगळ्या ठिकाणी तुटतात, परंतु कादंबरी तीच राहते. जेरार जेनेतने १९८७ च्या ग्रंथात शीर्षक, प्रस्तावना, मुखपृष्ठ यांच्या बरोबरीने पुस्तकाच्या मुद्रणरूपाचीही दखल घेतली, पण त्याला स्थान दिले ते संहितेच्या उंबरठ्यावर. काही पुस्तकांत मात्र पान उलटणे ही कृती उंबरठा ओलांडून कथनाच्या आत येते. अशा पुस्तकांच्या आधारे या गृहीताची मर्यादा दाखवता येते.

'पान' आणि 'पृष्ठ' हे शब्द मराठी व्यवहारात एकमेकांच्या जागी वापरले जातात. येथे मात्र त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. एका पानाला दोन पृष्ठे असतात. बांधीव पुस्तक उघडले असता डावे आणि उजवे पृष्ठ एकाच वेळी समोर येते, त्यामुळे डाव्या पृष्ठावरून उजव्याकडे जाताना काहीही झाकून ठेवता येत नाही. नजर आधीच तिकडे पोहोचलेली असते. खरा अडसर उजव्या पृष्ठाच्या अखेरीला असतो. गुपित राखायचे तर ते पुढच्या डाव्या पृष्ठावरच ठेवावे लागते. ३२ पृष्ठांच्या चित्रपुस्तकात १६ पाने असतात, म्हणजे उलटण्याच्या जागाही तेवढ्याच. त्यांतल्या काही शीर्षकादींत खर्ची पडतात. इतक्या मोजक्या जागा हाती असल्यामुळेच चित्रपुस्तकाच्या कर्त्याला त्यांतील प्रत्येकीचा विचार करावा लागतो. चित्रपुस्तकाची कला पान उलटण्याच्या नाट्यावर अवलंबून असते, हे बार्बरा बेडर या अभ्यासिकेने १९७६ मध्येच नोंदवले होते.

या नाट्याचे स्वरूप समजून घेण्यासाठी भारतीय काव्यशास्त्रातील एक भेद उपयोगी पडतो. भरताच्या परंपरेत औत्सुक्य हा ३३ व्यभिचारी भावांपैकी एक आहे. विस्मय हा स्थायी भाव असून अद्भुत रसाचा आधार आहे. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त इष्ट वस्तू न मिळाल्याने कालविलंब सहन न होणे असे औत्सुक्याचे लक्षण दिले आहे. पान उलटण्यापूर्वी औत्सुक्य आणि उलटल्यावर विस्मय, अशी मांडणी त्यावरून सहज सुचते. परंतु नाट्यगृहात विलंबाचे नियमन रंगमंचावरून होते आणि क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कथेत ते नियतकालिकाच्या हाती असते. पुस्तकात ते वाचकाच्या हाती येते. विलंब त्याचा असतो आणि तो संपवण्याचा निर्णयही त्याचाच. वोल्फगांग ईझरने वर्णिलेल्या 'रिक्त जागा' वाचक कल्पनेने भरतो. येथील रिक्त जागा तो हाताने ओलांडतो. अशा रीतीने पुढे जे घडते त्याची काही जबाबदारी त्याच्यावर येते.

१९७१ चे 'द मॉन्स्टर ॲट द एंड ऑफ धिस बुक' हे जॉन स्टोन यांनी लिहिलेले आणि मायकेल स्मॉलिन यांनी चितारलेले पुस्तक या जबाबदारीलाच विषय करते. पुस्तकाच्या शेवटी एक राक्षस आहे, हे शीर्षकच सांगून टाकते. ग्रोव्हर हे बाहुलीपात्र त्यामुळे भयभीत होऊन वाचकाला पान न उलटण्याची विनवणी करते. ते पाने दोरांनी बांधते, फळ्या ठोकते, विटांची भिंत रचते. वाचक पान उलटतो आणि पुढच्या चित्रात हे सारे कोसळलेले असते. शेवटी राक्षस म्हणजे स्वतः ग्रोव्हरच असल्याचे उघड होते. येथे औत्सुक्य अज्ञानातून निर्माण झालेले नाही. राक्षस येणार हे माहीत आहे, तो कोण हे तेवढे माहीत नाही. आणि ज्याला शोधायचे तो पहिल्यापासून डोळ्यांसमोरच उभा असल्यामुळे अखेरच्या विस्मयाला अद्भुताबरोबर हास्याचीही जोड मिळते.

मॉरिस सेन्डाक यांच्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' (१९६३) या पुस्तकातील योजना अधिक संयत आहे. आरंभी चित्रे लहान असून त्यांभोवती पांढरी जागा मोठी आहे. मॅक्सची कल्पना मोकळी होत जाते तशी चित्रे पसरतात, पृष्ठ व्यापतात, शेजारच्या पृष्ठावर सरकतात. धिंगाण्याची आज्ञा झाल्यानंतर पान उलटले की शब्दच थांबतात आणि सलग तीन जोडपृष्ठांवर केवळ चित्रे येतात. परतीच्या प्रवासात शब्द परततात, चित्रे आवरती होतात. मॅक्सला खोलीत जेवण वाढून ठेवलेले दिसते. त्या वाक्याचा शेवटचा तुकडा मात्र पुढच्या पृष्ठावर आहे. तेथे चित्र नाही, जेवण अजून गरम असल्याचे सांगणारे थोडेसे शब्द आहेत. रागावलेल्या आईची क्षमा आणि प्रवासाला लागलेल्या वर्षाचे कल्पितपण या दोन्ही गोष्टी या एका पान उलटण्यात सामावल्या आहेत. तो तुकडा आधीच्याच पृष्ठावर छापला, तर शब्द तेच राहतील आणि अर्थ मात्र उणावेल.

बी. एस. जॉन्सन यांच्या 'आल्बर्ट ॲन्जेलो' (१९६४) या कादंबरीने हाच मुद्दा उलट बाजूने सिद्ध केला. तिच्या दोन पानांना खिडकीसारखे छिद्र पाडलेले असून त्यातून पुढच्या पृष्ठावरील सुरीहल्ल्याच्या ओळी आधीच दिसतात. नायकाचा मृत्यू जवळ आला, असा समज करून घेऊन वाचक पुढे सरकतो. प्रत्यक्ष त्या पृष्ठावर पोहोचल्यावर कळते, की तो मजकूर १५९३ मध्ये मारल्या गेलेल्या नाटककार ख्रिस्तोफर मार्लो याच्या मृत्यूविषयी आहे. पानाचा पडदा फाडूनही गुपित टिकते, कारण दिसणे आणि संदर्भासह वाचणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

भाषांतराच्या संदर्भात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. इंग्रजी वाक्यात कर्म क्रियापदानंतर येते. त्यामुळे 'पाहिले' इथवर मजकूर ठेवून काय पाहिले ते पानापलीकडे ढकलता येते. मराठी वाक्याचा स्वाभाविक शेवट क्रियापदाने होतो. 'त्याला पेटीत साप दिसला' या वाक्यात पानापलीकडे ठेवायला 'दिसला' एवढेच उरते आणि साप आधीच बाहेर येतो. क्रम उलटून 'त्याला पेटीत दिसला' येथे थांबावे, तर क्रियापदाचे लिंग आणि वचन गुपिताचा काही भाग फोडते. मौखिक कथनाने यावर उपाय पूर्वीच शोधला आहे. 'पेटी उघडून पाहतो तर काय' या रचनेत येणाऱ्या वस्तूचे लिंग नाही, वचनही नाही. श्रोत्याला तिष्ठत ठेवणारा विराम मात्र आहे. मराठी चित्रपुस्तकाच्या भाषांतरकाराने शब्दांबरोबर हा विरामही भाषांतरित करायचा असतो आणि तो कोणत्या पृष्ठाच्या अखेरीला येतो याकडे लक्ष ठेवायचे असते.

विस्मय एकदाच घडतो, तेव्हा दुसऱ्या वाचनात ही युक्ती निष्प्रभ होते, असा आक्षेप घेता येईल. लहान मुले तेच पुस्तक पुनःपुन्हा वाचायला लावतात, हा व्यवहारातील अनुभव त्याला पुरेसे उत्तर देतो. विस्मय ओसरल्यावरही औत्सुक्य उरते, कारण विश्वनाथाच्या लक्षणात इष्ट वस्तू अज्ञात असण्याची अट नाही. ती अजून हाती आलेली नाही, एवढे पुरेसे आहे. परिचित पान उलटण्याआधी थांबण्याचा आनंद याच जातीचा असतो.

अक्षराच्या आकारानुसार मजकूर आपोआप पुनर्रचित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पुस्तकांत अशी स्थाने टिकत नाहीत. पुनर्मुद्रणात पृष्ठसंख्या कमी करतानाही ती सहज नाहीशी होतात आणि एकही शब्द न वगळल्यामुळे ती हानी कोणाच्या ध्यानी येत नाही. अशा कृतींच्या बाबतीत संपादकाने आणि अभ्यासकाने पृष्ठविभागणी हा संहितेचाच भाग मानला पाहिजे. कवितेतील ओळ कोठे तुटते याला समीक्षा जे महत्त्व देते, तेच येथे पान कोठे उलटते याला द्यावे लागेल.